शालिकरामच्या गाडीची खांदशेकणी

शालिकराम हटवार मोठ्या आवाजाचा माणूस होता. लकडगंजात आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. त्यामुळे त्याच्या घरी आज काय शिजलं, कोणाशी वाजलं आणि कोणत्या डेपोवर सागाचा लिलाव आहे, हे मला कधी विचारावं लागलं नाही. मनोहररावांच्या आरागिरणीत तो लाकूड मापायचा. ओंडक्यावर थाप मारून "हा आतून पोकळ हाय" असं सांगायचा, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. नाही निघालं तर ओंडक्यालाच शिव्या. बढाईखोर होता, हट्टी होता, पण लबाड नव्हता आणि पिणारा नव्हता. त्याचं एवढं कौतुक पुरे. आता गाडीकडे वळते, कारण गाडी वगळून शालिकराम सांगताच येत नाही.

अडुसष्ट साली कुठल्याशा मिशन दवाखान्यातला गोरा डॉक्टर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याची जुनी मोटरसायकल शालिकरामने घेतली. विलायती, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली, बसायला ऐसपैस, आणि साखळी नसलेली. साखळीऐवजी इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा होता. ट्रकच्या पोटाखाली फिरतो ना, तसाच, लहान. दांड्याला दोन सांधे. मागचा, चाकाजवळचा, पोलादाचा. अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा तुकडा, त्याला मेकॅनिक लोक क्रॉस म्हणतात. प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीच्या आत सुयांसारखे बारीक रूळ. पुढचा सांधा, इंजिनाजवळचा, म्हणजे नुसती जाड रबराची चकती, दोन लोखंडी पंजांमध्ये बोल्टांनी आवळलेली. चाक खड्ड्यात खालीवर झालं की दांडा तिरपा होतो, आणि तो तिरपेपणा हे दोन सांधे सोसतात. मला यंत्रांचा सोस नाही, पण एवढं मलासुद्धा कळलं, तेव्हा कोणालाही कळेल.

या गाडीवर बसून शालिकराम लाकडाच्या लिलावांना जायचा. बल्लारशा, आलापल्ली, जिथे बोलावतील तिथे. गिरणीतले बाकीचे लोक एस.टी.ने जायचे आणि अंग मोडून परत यायचे. हा धुळीने माखून यायचा आणि अंगणातूनच ओरडायचा, "माय, पानी ठेव वं! तुहा बैल आला!"

बैल म्हणजे गाडी. हे त्याच्या आईचं, मनकर्णाबाईंचं काम. त्यांचं गाव मौद्याकडे. शेती धाकट्या दिराकडे सोपवून त्या मुलाबरोबर नागपूरला आल्या, आणि आल्या वर्षीच पोळा जवळ आला तसा त्यांचा जीव कासावीस झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टे पडतात, त्यांना कोमट तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इथे अंगणात बैल कुठला? मनकर्णाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पळसाच्या द्रोणात तूप-हळद घेऊन सरळ मोटरसायकलीपुढे जाऊन बसल्या. "याचा खांदा कोनता गा, शालिक?"

शालिकरामने दोन्ही सांधे दाखवले. "हा डाव्या जोताचा, हा उजव्या जोताचा."

झालं. तेव्हापासून खांदशेकणीचा दिवस हा त्या गाडीच्या दुरुस्तीचा दिवस ठरला. शालिकराम त्या दिवशी मागचा सांधा खोलायचा, पुसायचा, ग्रीस भरायचा. संध्याकाळी आई दोन्ही सांध्यांना तूप-हळद लावायची. पोळ्याच्या दिवशी गाडी जुंपायची नाही. हार, बेगड, पुरणपोळीचा घास. लोक हसायचे. मीही हसले. पण वर्षातून एकदा गाडीचे सांधे नेमाने उघडून पाहणारा दुसरा माणूस त्या गल्लीत नव्हता, हेही खरं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको गोपिका मौद्याची. तिच्या वडिलांची तेलघाणी होती, जवस आणि तीळ. पहिल्या पोळ्याला तिला माहेरी न्यायचं होतं. पोळा घरी करून दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, दोघं निघाली. गोपिका नव्या हिरव्या लुगड्यात, मागच्या सीटवर.

मौदा नजरेत आलं आणि मागचा सांधा सुटला. टोपी जागेवर धरून ठेवणारी तारेची कडी शालिकरामने नीट खाचेत बसवलीच नव्हती. टोपी उडाली, रूळ रस्त्याभर सांडले, चाक जागच्या जागी थांबलं. शेवटी गोपिकेचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. शिंगं रंगवलेले, बेगड लावलेले बैल, त्यांच्या मागे गाडीत आडवी घातलेली मोटरसायकल, आणि तिच्याशेजारी नवी नवरी. करीच्या दिवशी आमच्याकडे गावाची रोगराई पुतळ्यात भरून वेशीबाहेर नेतात, ती मारबत. मौद्याच्या पोरांना आयतीच सापडली. बैलगाडीमागे नाचत ओरडत सुटली, "घेऊन जा गे मारबत!"

गोपिकेने माहेरच्या उंबऱ्यावर पाय ठेवतानाच सांगून टाकलं, "आता मी यावर बसत नसते."

आणि बसली नाही. बाजारात पायी, सिनेमाला रिक्षाने, माहेरी एस.टी.ने. शालिकराम कड्या बसवायला शिकला. पुढे त्याचा मागचा सांधा कधी सुटला नाही. पण गाडीला दुसरंच काहीतरी झालं. क्लच सोडला की "खडाक" आवाज यायचा आणि सगळी गाडी थरथर कापायची. वेग वाढला की थरथर थोडी कमी, उतरला की पुन्हा चालू. आलापल्लीहून तो आला की त्याचे हात पोळी मोडतानासुद्धा थरथरायचे.

त्र्याहत्तरच्या श्रावणात नवराबायकोचं जोरदार वाजलं. मी भिंतीला कान लावला नव्हता, लावायची गरजच नव्हती.

"अवो, विकून टाका ना ती कटकट! तुमचे हात पाहा कसे होऊन राहिले."

"तुले काय मालूम वं गाडीतलं? त्या गाडीनं मी चांदा जिल्हा पालथा घातला!"

"मग मले मौद्याले नेऊन दाखवा. या करीले. मी मांग बसतो. सुधी पोचली तर राहू द्या घरात. नाही पोचली तर वाडीच्या महादेवरावाले देऊन टाकाची. सांगा, कबूल?"

मग शालिकरामचा आवाज, नेहमीपेक्षा खाली: "कबूल."

वाडीचा महादेवराव म्हणजे अमरावती रस्त्यावरचा ट्रक-मेकॅनिक. ट्रकांचे क्रॉस बदलण्यात त्याचा हातखंडा. शालिकरामच्या गाडीवर त्याचा डोळा होता, म्हणजे इंजिनावर. त्याला ते शेतातल्या पंपाला जोडायचं होतं. शालिकराम नवा क्रॉस शोधायला त्याच्याकडेच गेला, कारण दुसरीकडे मिळणार नव्हता, आणि बोलता बोलता शर्तही सांगून बसला. महादेवरावाने जुना तुकडा हातात घेऊन मापला, पेटाऱ्यात खूप वेळ हात घातला आणि कुठल्याशा जुन्या विलायती मोटारीचा, मापाला तंतोतंत बसणारा क्रॉस काढून दिला.

"घे भौ. बेइमानी मी करत नाही. पन सांगून ठेवतो, रोग इथं नाही. तुहा जुना क्रॉसही ठीक हाय."

"मंग कुठं हाय रोग?"

"ते मी काहून सांगू? गाडी माह्याकडं येऊन राहिली ना!" महादेवराव खो खो हसला. खरं म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. ट्रकला रबरी चकती नसते.

खांदशेकणीचा दिवस आला. मी शिकवायचे त्या शाळेतून लवकर सुटले होते आणि ओट्यावर बसून सगळं पाहत होते. शालिकरामने गाडी स्टँडवर चढवली. आधी एका हाताने दांडा घट्ट धरला, दुसऱ्या हाताने चाक मागेपुढे हलवून पाहिलं. मागच्या सांध्यात ढिलेपणा नव्हता. तरी त्याने तो खोललाच. हट्टी म्हटलं ना. सांध्याच्या दोन्ही अर्ध्यांवर खडूची रेघ मारली, म्हणजे परत लावताना जसंच्या तसं लागावं. कड्या काढल्या, लाकडी हातोडीने टोप्या सैल केल्या, रूळ पितळी ताटलीत काढले. जुन्या क्रॉसच्या हातांवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं तर समजायचं की रुळांनी तिथे खाच पाडली. नख अडलं नाही. तरीही नवा क्रॉस बसवला. रूळ ग्रीसमध्ये एकेक उभे चिकटवले, टोपी चढवली, कडी खाचेत बसल्याचा 'टक' आवाज ऐकला, आणि मग गाडी गल्लीत काढली.

खडाक. थरथर.

तोंड पाडून परत आला. त्याचं तोंड पडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. त्या माणसाला आरडाओरडाच शोभायचा.

संध्याकाळी मनकर्णाबाई द्रोण घेऊन आल्या. गाडी राहणार की जाणार, याच्याशी खांदशेकणीचा काही संबंध नव्हता. मागच्या सांध्याला तूप लावलं. मग पुढच्या रबरी चकतीवर दोन्ही अंगठे दाबून चोळायला लागल्या. गोपिका दिवा धरून उभी होती. ती एकदम खाली वाकली.

"आत्याबाई, थांबा. पुन्हा दाबा बरं."

मनकर्णाबाईंनी दाबलं. अंगठा पिकल्या पेरूत जावा तसा आत गेला.

"अवो," गोपिका नवऱ्याला म्हणाली, "हे रबर फुगलं हाय."

"फुगलं कसं? वर्षावर्षाले तूप पाजलं हाय त्याले. नरम राह्यलंच पाहिजे."

"आमच्या घानीवर कोनी रबरी चप्पल घालत नाही. काहून? तेलात राहून चप्पल फुगते, मंग लोन्यासारखी होते, मंग अंगठ्याचं भोक फाटते. तुमच्या या चकतीचे भोकं पाहा."

शालिकराम चिडला. "चामड्याले तेल पाजतेत ना? मोटेले, जोताले, सगळ्याले पाजतेत! आमच्या सात पिढ्या पाजत आल्या!"

"हे चामडं हाय का?"

शालिकरामने पाना उचलला. मग त्याने बोल्ट सोडवले. चकती बाहेर काढली तेव्हा ती हातात लोंबली. बोल्टांची गोल भोकं लांबट झाली होती, जांभईसाठी उघडलेल्या तोंडासारखी. खडाक कुठून यायचा ते उघड होतं. इंजिनाने जोर लावला की बोल्ट आधी भोकातल्या भोकात सरकायचा, मगच चाक ओढायचा.

मनकर्णाबाई द्रोण हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. "म्हंजे मीच मारलं का गा याले?"

"नाही वं माय," शालिकराम म्हणाला. "दाखवलं तर मीच. डाव्या जोताचा, उजव्या जोताचा."

रात्री गोपिका आमच्याकडे विरजण मागायला आली. मी तिला स्पष्टच विचारलं, "तू गप्प बसली असतीस तर करीला गाडी गेली असती ना महादेवरावाकडे? तुला तेच तर पाहिजे होतं."

"पाहिजे होतं, बाई," ती म्हणाली. "पन गाडीचा काय गुन्हा? तुपानं मारून राहिले हे लोक तिले. आन् गेल्यावर हे जन्मभर म्हनत राह्यले असते, रोग शोधाले एक दिवस कमी पडला. ते ऐकत बसू का मी?"

विरजण घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पोळा. नवी चकती त्या काळात नागपुरात मिळणं शक्यच नव्हतं, आणि करीला तर निघायचं होतं. शालिकराम सकाळी हात चोळत गिरणीकडे गेला आणि खांद्यावर पट्ट्याचा तुकडा टाकून आला. आरा फिरवणारा जाड पट्टा. कापडाचे थर आणि मध्ये रबर. तुटलेला तुकडा कोपऱ्यात पडून होता. मनोहररावांनी "ने बाबा" म्हटलं, आणि करीला वेळेवर कामावर यायचं नसलं तर तसं आत्ताच सांग, असंही म्हटलं.

अडचण निराळीच निघाली. पोळ्याच्या दिवशी काम करायचं कसं? बैलाला आज हात लावायचा तो ओवाळायला. शालिकराम हत्यारं घेऊन अंगणात उभा आणि आई दारात उभी.

"माय, बोल ना काहीतरी."

मनकर्णाबाईंनी विचार केला. "जुपू नये. दवा करू नये असं कोनी सांगतलं? माह्या बापाच्या बैलाले पोळ्याच्याच दिवशी डाग देला होता. कर."

मग घाई सुरू झाली. शालिकरामने फुगलेली चकती पट्ट्यावर ठेवून खडूने वर्तुळ काढायला घेतलं. माझ्याने राहवलं नाही. "अरे, फुगलेल्या पायाचं माप घेऊन जोडा शिवतोस का?" तो हसला. पहाटेपासून पहिल्यांदा. मग लोखंडी पंजा उलटा ठेवून त्याचं माप घेतलं. गोपिका तुकडा पायाने दाबून धरायची, तो पटाशीने कापायचा. एका थराने जाडी भरेना, म्हणून दोन चकत्या एकावर एक ठेवल्या. भोकं सुताराच्या गिरमिटाने पाडली. गिरमिट पट्ट्यात फिरेना, अडकायचं. मग गोपिकेने सळई चुलीत तापवून आणली. जळक्या रबराची घाण पुरणाच्या वासात मिसळली. त्या दिवशीचं त्यांचं पुरण मी खाल्लं आहे, त्याला रबराचा वास नव्हता, पण थोडं करपलं होतं.

भोकं मुद्दामच बोल्टांपेक्षा किंचित लहान ठेवली होती. बोल्ट ठोकून आत घालावे लागले. आवळून झाल्यावर त्याने गाडी गिअरमध्ये टाकली, चाक हलवलं. बोल्ट भोकांत जरासुद्धा सरकले नाहीत. गाडी त्याने बाहेर काढली नाही. पोळा होता.

आता पूजा. मनकर्णाबाई द्रोण घेऊन आल्या, मागच्या सांध्याला तूप लावलं आणि पुढच्यापाशी थबकल्या.

"एकाले लावाचं आन् दुसऱ्याले नाही? एका दावनीले बांधलेल्या जोडीत असा भेद करतेत का?"

"आई, अहो ते रबर आहे—" मी सुरू केलं.

गोपिकेने मला हातानेच थांबवलं. "आत्याबाई, त्याले तुपाचं पथ्य हाय."

"पथ्य हाय?"

"हो ना. तुमच्या बैलायले नव्हतं का कवा?"

"होतं तर! एकाले हिरवा चारा सोसत नव्हता." मनकर्णाबाईंचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी नव्या चकतीवर कोरडी हळद टाकली, कोरडं कुंकू टाकलं, आणि बोट पदराला पुसून मग घास मागच्या चाकापुढे ठेवला. "बरं. पथ्य तर पथ्य. जेवा मग, मालक."

माझं एम.ए. त्या अंगणात काही उपयोगाला आलं नाही. येऊ नये हेच बरं.

करीचं पुढचं मी पाहिलेलं नाही. शालिकरामने सांगितलं आणि गोपिकेनेही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात जेवढं जुळलं तेवढंच लिहिते. मारबतीची गर्दी रस्ते अडवण्याआधी ती दोघं निघाली. क्लच सोडताना शालिकरामने दात आवळून धरले होते. खडाक झालं नाही. पारडी नाका मागे पडला, तरी तो बोलला नाही. हे गोपिकेला इतकं नवीन होतं की तिनेच विचारलं, "जीव ठीक हाय ना?"

"ऐकून राहिलो."

"काय?"

"काहीच येत नाही ऐकू."

कन्हानच्या पुलाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली, उतरला आणि चकतीला हात लावून पाहिला. घसटत असती तर तापली असती. जेमतेम कोमट होती. गोपिकाही उतरली. नवऱ्याचा शब्द तिने कधी पुराव्याशिवाय घेतला नव्हता, तो आताही घेतला नाही. पदराने हळद झटकून तिने स्वतः दोन बोटं टेकवली, एकेक बोल्ट चाचपला, आणि पुन्हा मागे जाऊन बसली.

तेलघाणीपुढे गाडी उभी राहिली तेव्हा तिचे वडील हात पुसत बाहेर आले. भाऊ आला. त्याने आधी जावयाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा जावयाकडे.

"भाऊजी, बैल जुपू का?"

"जुप ना," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "शर्यत लावू!"

मग तो सुरूच झाला. पट्टा कसा कापला, भोकं कशी पाडली, तेल रबराला कसं मारक असतं. हे शेवटचं तो तेलघाणीवाल्यांना सांगत होता. गोपिकेच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा झाला. दुसरा चहा झाला. गोष्ट अजून पटाशीपाशीच होती.

गोपिका आईशी बोलून बाहेर आली. भंडाऱ्याला तिची मावशी होती. लग्नानंतर ही दोघं पाया पडायला आली नाहीत म्हणून रुसलेली. एस.टी.ची वाट पाहून, बदलून, तिथे जाणं आजवर जमलंच नव्हतं. तिने पदर कमरेला खोचला, गाडी कोणाला न विचारता रस्त्याच्या तोंडाला वळवून घेतली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"अवो," ती तिथूनच ओरडली, "काहून बोलत बसून राहिले? भंडारा अजून दूर हाय."